पूर ओसरल्यावरची भिंत

पूर ओसरला की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. आमच्यासारख्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला येतो तो पुढच्या उन्हाळ्यात, नव्या रंगाचे पोपडे अंगणात पडायला लागल्यावर.

सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी मोजतात. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि कित्येक घरांत दिवसचे दिवस ठाण मांडून बसलं. २००५ आणि २०२१ ही सालंही इकडे कोणाला सांगावी लागत नाहीत. आपली भिंत पावसासाठी बांधलेली असते. पाऊस एका अंगाला लागतो आणि निथळून जातो. पुरात ती दोन्ही अंगांनी भिजत उभी राहते, आणि आत गेलेलं पाणी नदी पात्रात परतली म्हणून लगेच बाहेर येत नाही.

भिंती पाणी चढताना पडतात तशा ते उतरतानाही पडतात. आतबाहेर पाणी सारखं असेल तर दोन्हीकडचा दाब एकमेकाला तोलून धरतो. बाहेरचं झपाट्यानं उतरलं आणि बंद दारांमागे आतलं तुंबून राहिलं, तर भिजून जड आणि मऊ झालेली भिंत बाहेर ढकलली जाते. पंप लावून एका तासात घर कोरडं करायची घाई म्हणूनच नको, विशेषतः मातीच्या भिंती असतील तर. पाणी टप्प्याटप्प्यानं काढा, आणि तोवर भिंतीच्या कडेला खुर्ची टाकून बसू नका. मीटरची पेटी बाहेरच्या भिंतीवर असेल तर महावितरणचा माणूस येईपर्यंत तिला हात लावायचा नाही.

पाहणीत लोक आधी भिंतीवरची पुराची रेघ दाखवतात. मी आधी खाली बघतो. प्रवाह घराच्या ज्या कोपऱ्यावर आपटला असेल तिथली जोत्यालगतची माती गेलेली असते. वर गिलावा शाबूत आणि खाली पोकळी, हे दृश्य नेहमीचं. त्यानंतर ओळंबा. जुन्या वाड्यांच्या भिंती बाहेरून भाजक्या विटेच्या असल्या तरी आत बऱ्याचदा माती नि दगडगोटे भरलेले असतात. ही भर भिजून खाली बसली की बाहेरची विटांची फळी सुटते आणि भिंतीला पोट येतं. पोट आलेल्या भिंतीचा गिलावा दुरुस्त करणं म्हणजे पैसे आणि जीव दोन्ही पणाला लावणं. आधी टेकू द्यायचा, मग पुढचं बोलायचं.

भिंत ओळंब्यात असेल तर करणीच्या दांड्यानं ठोकत जायचं. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे. पोकळ आला तर विटेपासून सुटलाय. पाणी विटेतून वर चढतं, त्यामुळे पुराच्या रेघेच्या वरही दोन-तीन फूट ठोकून बघावं. पोकळ भागाला खडूनं घेर काढायचा, त्याला मेजपट्टी लावून फोटो काढायचे आणि पंचनामा झाल्यावरच खरवडायला घ्यायचं. गाळ मात्र ओला असतानाच साध्या पाण्यानं धुवावा, वाळला की तो खरडावा लागतो. मातीच्या भिंतीचा अपवाद. तिला आणखी पाणी दाखवायचं नाही, गाळ वाळू द्यायचा आणि झाडूनं झाडायचा.

खरं भांडण होतं ते दिवाळीवरून. पूर जुलै-ऑगस्टचा, दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. “साहेब, पाडव्याच्या आत रंग झालाच पाहिजे, पाव्हणे यायचेत,” हे वाक्य मी दर पुरानंतर ऐकतो, आणि त्यातली भावना मला कळते. चिखलात घर बघितलेल्या माणसाला ते पुन्हा लख्ख बघायचं असतं. पण बांधकामातला जुना ढोबळ हिशेब आहे, भिंतीच्या एका इंचाला वाळायला एक महिना. आपल्याकडची ऊन-वाऱ्याची भिंत त्याहून लवकर वाळेल, तरी नऊ इंची भिंत दोन-अडीच महिन्यांत कोरडी होईल ही आशा धरू नये. हात लावून काही कळत नाही, पृष्ठभाग आधी वाळतो. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर भिंतीवर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर रंगाचा डबा उघडू नका.

घाई केली तर काय होतं? ओल बाहेर पडताना विटेतले आणि पुरातून आलेले क्षार बरोबर आणते. भिंत मोकळी असेल तर ते पृष्ठभागावर पांढरे दिसतात. त्याला आपण लोणा म्हणतो. कोरड्या ब्रशनं झाडला की काम भागतं. वर वॉटरप्रूफ रंगाचा थर असेल तर ओल अडते, क्षारांचे स्फटिक रंगाच्या किंवा गिलाव्याच्या मागे वाढतात आणि पुढचा थर उचकटतात. दुकानदार अशा वेळी हटकून आणखी भारी वॉटरप्रूफिंग सुचवतो. पहिल्या वर्षी साधी चुन्याची सफेदी करा. सणाला घर उजळतं आणि ओलीची वाटही बंद होत नाही. मातीत रचलेल्या जुन्या विटांवर नवा गिलावाही चुन्याचा हवा. कडक सिमेंटचा थर मऊ भिंतीवर टिकत नाही, आणि टिकला तर आतल्या भिंतीला कुजवतो. पुरानं दारात आणून टाकलेली फुकटची वाळू गिलाव्यात वापरू नका.

नव्या बंगल्यांची तऱ्हा वेगळी. समोरच्या एलेव्हेशनला टाइल, दगडाच्या चिपा नाहीतर एसीपीचे पत्रे. पाणी उतरल्यावर पाइप मारला की सगळं चकचकीत, आणि मालक निश्चिंत. पत्र्यामागच्या सांगाड्यात गाळ साचून महिनोन्महिने ओला राहतो, हे सर्वांत खालचा पत्रा उघडल्याशिवाय दिसत नाही. तो उघडाच. टाइलवर नाण्यानं टकटक करा. पोकळ वाजणाऱ्या टाइल काढून ठेवा, विशेषतः डोक्याच्या वरच्या. त्या पडायला मुहूर्त बघत नाहीत.

भेगांचं वेळापत्रक आणखी लांबतं. कृष्णाकाठची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भेग पुरानंतर कित्येक महिन्यांनी, मार्च-एप्रिलातही उमटू शकते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहावी आणि आडवी काचेची पट्टी सिमेंटच्या ठिपक्यांनी चिकटवावी. काच फुटली तर पाया अजून हलतोय, इंजिनिअरला बोलवा. शाबूत राहिली तरी भेग सिमेंटनं ठासून भरू नका. पुढच्या पावसात माती फुगली की ती मिटायला बघेल आणि कडक भराव शेजारच्या विटा फोडेल. तिथे लवचीक सीलंट भरा, आणि रंगाचं त्यानंतर ठरवा.