यंदा तळं गोठेल का

ट्रेंटन मागे पडलं आणि गाडी डेलावेअर नदीच्या काठाने उत्तरेला लागली, की न्यू जर्सीबद्दलचे आपले बरेच समज गळून पडतात. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचं न्यू जर्सी म्हणजे आठपदरी रस्ते, गोदामं, आणि मंडळाच्या गणपतीसाठी भाड्याने घेतलेली शाळांची सभागृहं. इथे डाव्या हाताला नदी आणि उजवीकडे झाडीने भरलेल्या बुटक्या टेकड्या. मध्येच वॉशिंग्टन क्रॉसिंग लागतं. 1776 च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टनने याच ठिकाणी, पाण्यातून बर्फाच्या लाद्या वाहत असताना, सैन्यासह नदी ओलांडली होती. तिथे थांबायचं नाही. थोडं पुढे जाऊन उजवीकडे प्लेझंट व्हॅलीत वळायचं. मक्याची उंच रानं दिसायला लागली, घोड्यांच्या लिदीचा वास काचेतून आत शिरला, की हॉवेल लिव्हिंग हिस्ट्री फार्म आलं.

हे एकशेतीस एकरांचं रान 1890 ते 1910 या काळात मुक्कामाला आहे. नांगर घोडे ओढतात, नाहीतर बैल. गहू, ओट, मका, गवत ही पिकं. मेंढ्यांची लोकर कातरली जाते, कणसं साठवायच्या फटीफटींच्या कणग्यांत मका वाळतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये मेपलच्या झाडांना भोकं पाडून रस गोळा करतात आणि चाळीस गॅलन रस आटवून एक गॅलन पाक काढतात. उसाच्या गुऱ्हाळाशी ज्यांची ओळख आहे त्यांना हे प्रमाण अंगावर काटा आणणारं वाटेल. ही जमीन चार्ल्स हॉवेल या एकेकाळच्या काँग्रेस-सदस्याची. त्यांच्या पश्चात 1974 मध्ये पत्नी आयनेझ यांनी ती मर्सर काउंटीला देऊन टाकली. जुनी शेती लोकांनी नुसती बघू नये, स्वतःच्या हातांनी करून पाहावी, विशेषतः शाळेतल्या पोरांनी, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून इथे कशालाच दोरखंड लावून ‘हात लावू नये’ लिहिलेलं नाही. कोंबडीच्या पोटाखालचं अंडंसुद्धा तुम्ही काढायचं असतं.

मला मात्र 1890 आणि 1910 ही दोन सालं छळत राहतात. अमेरिकेत ती वीस वर्षं म्हणजे घोड्याच्या बळावर चालणाऱ्या यंत्रांचा भर. पीक कापून पेंढ्या बांधून टाकणारी यंत्रं तेव्हा रानात फिरत होती आणि ट्रॅक्टर अजून रुळायचा होता. त्याच वीस वर्षांत आपल्याकडे 1896-97 चा दुष्काळ, लगेच 1899-1900 चा दुष्काळ, आणि त्यांच्या जोडीला प्लेग. दख्खनमधलं एखादं शेत त्या काळात गोठवून ठेवायचं म्हटलं तर तिथे शनिवारी सहकुटुंब येणाऱ्यांना आपण काय दाखवणार? दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका, की सावकाराच्या वहीवरचा अंगठा? अर्थात इथलाही शेतकरी काही लोण्यात लोळत नव्हता. 1893 च्या मंदीत धान्याचे भाव असे कोसळले की पश्चिमेकडच्या कित्येकांनी शेती सोडून वाट धरली. पण ते कोणी करून दाखवत नाही. सप्टेंबरच्या उन्हात ते सुचतही नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला इथे नांगरटीची स्पर्धा असते. तिला मी मामांना घेऊन गेलो. मामा पलूसकडचे. आयुष्यभर ऊस आणि द्राक्षं केली. अमेरिकेत आल्यापासून धरणं, पूल, मॉल सगळं ‘बरं हाय’ एवढ्यात आटपत होते. गाडीतून उतरल्यावर मात्र ते माझ्यासाठी थांबलेच नाहीत. सरळ बैलांकडे गेले.

“आरं, ह्यास्नी येसणच न्हाई?”

नव्हतीच. कासराही नव्हता. बैलांच्या डाव्या अंगाला हातात काठी घेतलेली एक तरुण मुलगी चालत होती, आणि ‘गी’ म्हटलं की जोडी उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे वळत होती. मामांना ते पटेना. दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. या बैलांना वशिंड नाही. आपल्या खिल्लाराच्या मानेवर जू ठेवलं की ते मागे वशिंडाला टेकून भार घेतं. इथे ते टिकतं कशावर? मामा वाकून बघू लागले. लाकडाच्या दोन वाकवलेल्या कमानी दोन्ही बैलांच्या गळ्याखालून येऊन जुवात अडकवलेल्या होत्या. बैल पुढे रेटतो तसा भार खांद्यावर बसतो. मामांनी एका कमानीवरून बोट फिरवलं, आतली बाजू किती गुळगुळीत आहे ते पाहिलं. “मान सोलत नसंल,” ते म्हणाले, आणि तिथून पुढे त्यांचा त्या मुलीवर विश्वास बसला.

मी दुभाषी. तिने सांगितलं की पीस कोअर या अमेरिकी सरकारी संस्थेमार्फत आफ्रिकेतल्या गावांत जाणाऱ्या स्वयंसेवकांनीही बैल जुंपायचे धडे याच रानात घेतले आहेत. म्हणजे अमेरिकेने आपला बैल संग्रहालयात ठेवला आणि त्याच संग्रहालयातून शिकून तो दुसऱ्यांना शिकवायला निघाली. मामांना यात काही नवल वाटलं नाही. ज्याला येतं त्यानं शिकवावं, एवढंच.

घोड्यांच्या नांगराची गंमत वेगळी. दोघांपैकी उजवा घोडा आधीच्या तासातून चालतो आणि डावा न नांगरलेल्या रानावरून, म्हणजे एक कायम सहा-सात इंच खाली. नांगऱ्या त्यांच्यामागे तासातून. फूटभर रुंद तास धरलं, तर एक एकर उलथवायला त्याला तेरा किलोमीटर चालावं लागतं, आणि तेही रुमणं उजवी-डावीकडे पळू न देता. स्पर्धेत वेगाला फार किंमत नाही. तास सरळ आहे का, खोली सारखी आहे का, धसकटं मातीखाली पुरती गाडली गेली का, हे परीक्षक बघतात. मामा परीक्षकांच्या मागोमाग हात पाठीमागे बांधून फिरले. एका तासाशी थांबून त्यांनी मान हलवली. परीक्षकानेही त्याच जागी वहीत काही खरडलं. भाषेवाचून अडलेलं मला त्या दिवशी तरी दिसलं नाही.

नांगर लोखंडी होता, माती उलटवणाऱ्या वळणदार पत्र्याचा. “ह्यो तर किर्लोस्करचा,” मामा म्हणाले. त्यांच्या आजोबांकडे होता. पलूस म्हणजे किर्लोस्करवाडीचं शेजार. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 मध्ये लोखंडी नांगर बनवला, तेव्हा पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पुढे औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये कारखाना आला आणि हे नांगर गावोगाव पोचले. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, आणि ऐकताना आपला शेतकरी किती अडाणी होता असं मनातल्या मनात म्हणतो. तर मर्सरला लागूनच असलेल्या बर्लिंग्टन काउंटीत चार्ल्स न्यूबोल्ड नावाचा एक गृहस्थ राहत होता. 1797 मध्ये त्याने ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं. न्यू जर्सीच्या शेतकऱ्यांनी तो घ्यायला नकार दिला. कारण? लोखंडाने माती विषारी होते आणि तण माजतं. बिचाऱ्याने पदरचे पुष्कळ पैसे घालवून अखेर नाद सोडला. शंभर वर्षं आणि दोन महासागर मध्ये असताना दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना तीच शंका यावी, याला मी अडाणीपणा म्हणायला आता तयार नाही. ज्याच्याकडे एकच जमीन आहे तो तिच्यावर प्रयोग करायला कचरतो. न्यूबोल्डचा नांगर एकसंध ओतलेला होता, एक भाग मोडला की सगळाच भंगारात, हेही त्या शेतकऱ्यांना दिसत असणारच.

दुपारी झाडाखाली बसून मक्याची भाजलेली कणसं खाताना मामांनी विचारलं, “ह्यांचं कर्ज कुणाकडं असतंय?”

मी ते त्या मुलीला विचारलं. ती हसली. कर्ज नाही. काउंटी पैसे देते, शिवाय मक्याच्या रानात वाटा कापून केलेल्या भुलभुलैयाला तिकीट असतं.

“आन पीक बुडालं तर?”

बुडालं तर बुडालं. पगार होतो.

“मंग मी बी ऱ्हातो की हितं कामाला,” मामा म्हणाले, आणि खूप दिवसांनी मोकळे हसले. पण नंतर परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होते. एकदाच म्हणाले, “नांगरट चांगली हाय. घाई न्हाई कुणाला.”

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की तक्रारीने, ते मी विचारलं नाही. मला ते तेव्हापासून पुरलं आहे. त्या रानात काय जपलेलं नाही? जू आहे, फाळ आहे, बियाणं आहे, जनावराच्या मानेला जपायची अक्कल आहे. हे सगळं हातून हाताकडे गेल्याशिवाय टिकत नाही, पुस्तकातून तर अजिबात नाही, म्हणून हे शेत मला लाखमोलाचं वाटतं. जपता आलेली नाही ती चिंता. वाफसा निघून जाईल म्हणून पहाटे तीनला उठवणारी, हप्त्याच्या तारखेला पोटात गोळा आणणारी. ती पेटीत भरून ठेवता येत नाही आणि पगारी माणसाला नेमूनही करून दाखवता येत नाही. मामांनी बैल विकले ते तिच्यापायीच. ट्रॅक्टर घेतला, पण ती तिथेच राहिली.

असं माझं मत पक्कं झालं होतं. जानेवारीत त्याला तडा गेला.

जानेवारीच्या अखेरीस या शेतावर बर्फाची कापणी असते. शोभेची नव्हे. शीतकपाटं येण्याआधी इथल्या शेतकऱ्याचं ते हिवाळी पीकच होतं. दूध शहरापर्यंत टिकवायचं तर बर्फ हवा, आणि उन्हाळ्यात बर्फ हवा तर तो हिवाळ्यात तळ्यावरून कापून ठेवायला हवा. आधी वरचा भुसभुशीत थर घोड्यांकडून खरवडून काढायचा, नाहीतर तो गोधडीसारखा वर राहून खालचं पाणी गोठू देत नाही. मग भोक पाडून जाडी मोजायची. घोड्यांच्या नालांना खिळे असतात. त्यांच्यामागे दातेरी नांगर ओढत बर्फावर चौकोन आखायचे, लांब करवतीने ते कापायचे, पहारीने सुटे करायचे, आणि आकड्याच्या काठ्यांनी पाण्यातून तरंगवत काठाला आणायचे. तिथून बर्फघरात, एकमेकांना चिकटून रचलेले, भोवती लाकडाचा भुसा ठासून. नीट रचलेला बर्फ पुढचा उन्हाळा गाठतो.

नुसता उन्हाळा नाही. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवरचा असाच बर्फ भुशात घालून 1833 मध्ये ‘टस्कनी’ जहाजाने कलकत्त्याला पाठवला. चार महिने विषुववृत्ताची गरमी सोसून निम्म्याहून अधिक पोचला. पुढच्या वर्षी मुंबईत बर्फ आला. जमशेटजी जिजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं, आणि यजमानासकट मंडळींना पडसं झालं अशी बातमीही तेव्हा छापून आली. मद्रासचं बर्फघर अजून उभं आहे. 1897 मध्ये स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते. पुढे बर्फाचे कारखाने निघाले आणि हा धंदा संपला.

तर त्या जानेवारीत थंडी येईना. कार्यक्रमाची तारीख छापून झाली होती, पण तळ्याला ते कोण सांगणार? बर्फ चांगला सात-आठ इंच तरी धरायला हवा. घोडे वर जायचे आहेत. मी कारण नसताना शेतावर डोकावलो, तर बैलांवाली ती मुलगी तळ्याच्या काठावर उभी होती. तिने टाचेने कडेचा पापुद्रा फोडला. आज रात्री उणे दहाला गेलं तर, ती म्हणाली. मग आभाळाकडे बघून: ढग नकोत, ढग आले की संपलं. पगार तर तिला मिळणारच होता. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. तो चेहरा मी पलूसला पाहिलेला आहे.

थंडी उशिरा आली, पण आली. घोड्यांना पुरेल इतका जाड बर्फ झाला नाही, म्हणून सगळं काम काठालगत हातकरवतीने झालं. रांग मोठी होती. करवत बर्फात अडकते तेव्हा दाबायची नसते, हलकेच उचलून पुन्हा सोडायची असते, हे समजेपर्यंत माझी पाळी संपली. मागच्या पोराला घाई झाली होती. पहिली लादी पाण्यातून वर आली तसा मी पलूसला परतलेल्या मामांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

“किती जाड हाय?” त्यांनी पहिलं विचारलं.

मी बोटांनी दाखवलं.

“कमीच हाय. हवाच बिघडलीया सगळीकडं. हितं बी आभाळ आलंय. द्राक्षं गोडीला आल्यात, आन आता थेंब पडला तर मणी तडकत्यात.” मग त्यांना बैलांची आठवण झाली. ते कुठे आहेत, थंडीत त्यांना झूल घालतात का. मी फोन फिरवून गोठा दाखवायला निघालो, तेवढ्यात पलीकडे कोणीतरी ओरडलं.

“ठेव, ठेव. लाईट आली. उसाचं पाणी सोडायचं ऱ्हायलंय,” मामा म्हणाले, आणि त्यांनीच फोन कापला.