भाच्याचा फोन



परवा रात्री भद्रावतीहून भाच्याचा फोन आला. बंगळूरला एका चिप कंपनीत होता. "मामा, माझं नाव आलं जी यादीत. घरी आलो." मला काही सुचेना. कारण 'गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये जा' हा सल्ला माझाच!

२००८ साली आमच्या कंपनीने मोबाईल चिपचा गट बंद केला, त्यात मी होतो. पलीकडच्या रांगेतले गाड्यांच्या चिपवाले मात्र राहिले. त्यांचं काम आम्हाला रटाळ वाटायचं. मोबाईल दोन वर्षांत जुना होतो. गाडीची चिप दहा-पंधरा वर्षं पुरवत राहावी लागते. शिवाय उणे ४० पासून १२५ अंशांपर्यंत चालायला हवी. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४७, मग बॉनेटखाली काय होत असेल! तेव्हा पटलं, सावकाश चालणारंच टिकतं.

भाच्याला तेच सांगत आलो. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि बहुतेक मोटरसायकलींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, म्हणजे चिप आलीच. २०२१ मध्ये चिप मिळेनात म्हणून गाड्यांचे कारखाने थांबले. माझी छाती फुगली होती...

पण त्या टंचाईला घाबरूनच सगळ्यांनी साठे करून ठेवले. मग मागणी मंदावली, साठे संपेनात, नव्या ऑर्डरी आटल्या. गाड्यांच्या चिपमधली सगळ्यात मोठी म्हणवणारी इन्फिनिऑन. तिनेही ऑगस्ट २०२४ मध्ये १४०० नोकऱ्या कमी करण्याचं आणि तेवढ्याच स्वस्त देशांत हलवण्याचं जाहीर केलं. स्वस्त देशांत आपणही येतो, म्हणून मी निर्धास्त होतो!

बाबा म्हणायचे, निर्माणीची नोकरी म्हणजे दगडावरची रेघ. २०२१ मध्ये आपली चांदा आयुध निर्माणीही सरकारी कंपनीच्या हाताखाली गेली.

भाच्याला म्हटलं, "माझा अंदाज चुकला रे." तो म्हणाला, "ते जाऊ द्या मामा, आईले कसं सांगू ते सांगा." ताईला अजून वाटतंय, पोरगा सुट्टीवर आलाय. मी म्हटलं, थांब, शनिवारी मी येतो, दोघं मिळून सांगू.

२००८ मध्ये मला पुढची नोकरी त्या पलीकडच्या रांगेतल्याच एका मित्राने शब्द टाकून मिळवून दिली होती. आता शब्द टाकायची पाळी माझी. पोरगा मेहनती आहे, सहा वर्षांचा अनुभव आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे काम असेल तर जरूर कळवा.

आणि हो, नात्यातल्यांनी शनिवारपर्यंत ताईला फोन करू नका!