गाडीची नाडी

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी होईना, तर रिंग ढिली झाली की व्हॉल्व्ह गेला, हे आपण नुसत्या आवाजावरून ओळखतो. ‘नवा कुकरच घ्या’ असं सांगून आपल्याला कोणी फसवू शकत नाही. मग दारातल्या मोटारीबद्दलच आपण इतक्या मुकाट का राहतो बरं?

आम्ही कारध्याला राहतो. वैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे भंडारा. ह्यांचं ऑफिस, मुलीची शाळा, बाजारहाट, सगळं पुलापलीकडे. त्यामुळे आमची पेट्रोलची जुनी गाडी रोज पूल ओलांडते, आणि ती बहुतेक वेळा मीच चालवते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती गचके खाऊ लागली आणि समोरच्या तबकडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

गॅरेजवाल्या भाऊंनी बॉनेट उघडलं, पाच मिनिटं पाहिलं नि म्हणाले, “ताई, कंप्युटरचा डबाच गेला जी. नवा टाकावा लागते.” किंमत ऐकून हे गप्पच झाले. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती! मी म्हटलं, “भाऊ, दोन दिवस थांबा. घरी विचार करून सांगते.”

माझा भाचा नागपूरला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं काम शिकलाय. त्याला फोन केला, तर त्याचा पहिला प्रश्न, “आत्या, कोड काय आला?” कोड? तो तर कोणी पाहिलाच नव्हता!

रविवारी तो आला आणि मला सगळं समजावून सांगितलं. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा तिला कार्बुरेटर होता; स्क्रू फिरवून पेट्रोल-हवेचं प्रमाण जमवत. आता पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे एक छोटा संगणक ठरवतो. हवा किती आली, पाणी किती तापलं, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे त्याला सेन्सर कळवतात. काही बिनसलं की तो दिवा लावतो आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवतो. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की तो नंबर दिसतो.

आमचा नंबर निघाला पी ०३०२. यातलं पी म्हणजे इंजिन-गिअरचं खातं, ३ म्हणजे ठिणगीची बाजू, आणि शेवटचे २ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. पण का पेटत नाही, ते नंबर सांगत नाही हं! कारध्याच्या पुराच्या आकड्यासारखंच आहे हे. पाणी वाढलं एवढं तो आकडा सांगतो. पाऊस इथे पडला, की ऑगस्ट २०२० सारखं वर शिवनीकडच्या संजय सरोवरातून पाणी सोडलं, ते आपणच शोधायचं.

भाच्याने दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावली, तिसऱ्याची दुसऱ्याला. नंबर पुसून गाडी फिरवून आणली. कॉइल खराब असती तर आता तक्रार ०३०३ झाली असती. ती ०३०२ च राहिली. प्लगचीही तशीच अदलाबदल केली, तरी तेच. म्हणजे दोष कॉइलमध्येही नव्हता नि प्लगमध्येही! बॅटरी लावून पाहिली तर कॉइलला जाणारी वायर उंदराने कुरतडलेली, एका-दोन तारांवर लोंबत होती. आमचा भाताचा मुलूख. पावसाळ्यात बांधातले उंदीर उबेला बॉनेटमध्ये शिरतात. वायर जोडून, डाग देऊन, वर नळी चढवली. खर्च काही शेकड्यांचा. डबा ठणठणीत होता. आणि मुलीचा प्रवेशही वेळेवर झाला.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठा. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं, म्हणून गाडी बाजूला घ्या. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर लगेच थांबा. दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू देऊ नका. पुरावाच पुसला जातो. डबा बदलायचं निघालं, तर फ्यूज, अर्थिंग, कनेक्टर आणि बॅटरीचा दाब आधी तपासला का, ते विचारा. नवा डबा बऱ्याच गाड्यांत किल्लीशी जुळवून घ्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे!

आणि नंबर कागदावर लिहून मागा. त्याच गॅरेजवाल्या भाऊंकडे परवा गेले होते तेल बदलायला. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी स्वतःच विचारलं, “ताई, स्कॅनर लावू का जी?”