दगडाला वाट देणारा फाळ

आमच्या माळरानात फाळ घातला की दगडाशी गाठ ठरलेली. बेसाल्ट हटत नाही; मग अवजारानंच लवायला हवं. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८७६ साली रिचर्ड बॉयर स्मिथनं हेच साधलं. झाडाच्या बुंध्याला अडला की त्याच्या नांगराचा फाळ वर उचलला जाई, अडथळा ओलांडून पुन्हा मातीत शिरे.

आज लोहाराकडे मोगड्याच्या फणांना स्प्रिंगा बसवल्या, त्या याच तत्त्वावर. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचं दाताळंही घडवलं. दातांतलं अंतर असं, की माती गळावी, मुठीएवढा दगड अडावा. वेचलेले दगड उताराला आडवे रचले की वाहती माती थांबते.

बाजारातलं यंत्र सगळ्यांच्या जमिनीसाठी असतं. आपल्या रानाचं अवजार मात्र त्या रानात राबणाऱ्यानंच घडवावं, असं मला मनापासून वाटतं.