किलो नको, उंची सांग

चि. सोनू,



आयोनिक ६ घेतलीस, मागे हूकही बसवून घेतलास आणि आता सुट्टीसाठी एक छोटा झोपायचा ट्रेलर शोधते आहेस, हे वाचून आनंद झाला. तुझ्या यादीत प्रत्येक ट्रेलरपुढे त्याचं वजन लिहिलं आहेस आणि विचारलं आहेस, ‘मामा, सगळ्यात हलका कुठला घेऊ, म्हणजे रेंज कमी होणार नाही?’ श्टुटगार्टातली आपली बरीच मंडळी इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर हेच विचारतात. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र लिहितो आहे.

आधी वजनाचा हिशोब करू. सहाशे किलोचा ट्रेलर सपाट रस्त्यावर ओढायचा, तर त्याच्या टायरांचा विरोध साधारण वजनाच्या एक टक्का धर. शंभर किलोमीटरला त्यासाठी दीड-पावणेदोन युनिट वीज लागते. तुझी एकटी गाडी महामार्गावर शंभर किलोमीटरला १४-१५ युनिट घेते. म्हणजे वजनामुळे वाढलेला खर्च फार तर दहा-बारा टक्के. तरीही लोक सांगतात की ट्रेलर लावला आणि रेंज अर्धी झाली. ते खरंच सांगतात. उरलेली वीज खातो तो वारा.

हवेचा अडथळा दोन गोष्टींवर ठरतो: समोरून किती क्षेत्रफळ दिसतं आणि आकार किती निमुळता आहे. दोन्हींचा गुणाकार कर. तुझ्या गाडीचा आकाराचा गुणांक ०.२१ आहे, त्यामुळे तिचा हा गुणाकार अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास येतो. ताशी १०० किलोमीटरला हवा कापायला तिला शंभर किलोमीटरमागे जेमतेम सहा युनिट लागतात. आता मागच्या ट्रेलरमुळे या गुणाकारात एक चौरस मीटरची भर पडली असं समज. १०० च्या वेगाला ती भर तेरा युनिट खाते, ८० ला आठ. अडीच मीटर उंच, सपाट छातीचा कॅरव्हॅन यापेक्षाही जास्त खाईल. गाडीच्या छपराखाली लपणारा, गाडीपेक्षा रुंद नसलेला ट्रेलर याच्या निम्म्यातही भागवू शकतो. दोघांचं वजन सारखं असलं तरी.

यावर तुझा पुढचा प्रश्न मला ऐकू येतो: मग पेट्रोलवाल्यांची रड का नसते? एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. सहा लिटरमध्ये शंभर किलोमीटर जाणारी गाडी ५० हून जास्त युनिट जाळते आणि त्यातली बहुतेक उष्णता होऊन निघून जाते. शिवाय इंजिनावर भार वाढला की त्याची कार्यक्षमता थोडी सुधारते, त्यामुळे ट्रेलरचा खर्च अंशतः झाकला जातो. इलेक्ट्रिक गाडीत झाकायला काही नसतं. उधळ्या घरात एक पाहुणा वाढला तर कुणाला कळत नाही. काटकसरीच्या घरात तो वाण्याच्या यादीत दिसतो. तुझी रेंज घटते याचा अर्थ गाडी कमकुवत आहे असा नाही. ती मुळात फार थोड्यात भागवते, म्हणून वाढलेला प्रत्येक खर्च डोळ्यांत भरतो.

ही जाण जुन्या लोकांना होती. तुझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर इस्नी नावाचं गाव आहे. तिथे चाबूक बनवणाऱ्या घराण्यातल्या आरिस्ट डेथलेफ्सनं १९३१ मध्ये जर्मनीतला पहिला कॅरव्हॅन बांधला, कारण विक्रीच्या फिरतीवर त्याला आपल्या चित्रकार वाग्दत्त वधूला सोबत न्यायचं होतं. जवळच्याच बाड वाल्डसेमध्ये १९५७ साली एर्विन हायमर आणि एरिख बाखेम यांनी एक बुटका ट्रेलर आखला. बाखेम विमानांचा इंजिनिअर. युद्धाच्या शेवटच्या काळात त्यानं रॉकेट विमान बनवलं होतं. त्याच्याच नावाच्या अक्षरांवरून ‘एरिबा’ हे नाव पडलं. गोलसर कडा, अरुंद अंग आणि मुक्कामाला पोचल्यावर वर उचलायचं छप्पर. तेव्हाच्या लोकांच्या गाड्यांची ताकद बेताची होती, त्यामुळे ट्रेलर शहाणा असणं भाग होतं. पुढे इंजिनं दांडगी झाली आणि ट्रेलरांना कपाटासारखं उभं राहण्याची मुभा मिळाली. बाड वाल्डसेला हायमर म्युझियम आहे. पैसे भरण्याआधी एका रविवारी तिथे जाऊन ये.

आता प्रवासाचं बघू. तुझी बॅटरी ७७ युनिटांची आहे. बुटका ट्रेलर लावून शंभर किलोमीटरला २५ युनिट गेले असं धरलं आणि चार्जिंग दहा ते ऐंशी टक्क्यांतच वापरलं, तर दोन थांब्यांमध्ये दोनशेच्या वर किलोमीटर मिळतात. जर्मनीत ट्रेलरसह वेगमर्यादा ८० आहे. ट्रेलरला वेगळी मंजुरी असेल तर ऑटोबानवर १००. दोनशे किलोमीटरला ८० नं अडीच तास लागतात, १०० नं दोन. तो अर्धा तास वाचवायला हवेचा खर्च दीडपटीहून जास्त होतो. शिवाय अडीच तासांनी मुलांना खाली उतरवावंच लागतं.

चढाची भीती बाळगू नकोस. इन्सब्रुकहून ब्रेनर खिंडीत जाताना सुमारे आठशे मीटर चढायचं आहे. गाडी, ट्रेलर, माणसं मिळून पावणेतीन टन धरले तरी निव्वळ चढाला सहा युनिट लागतात आणि पलीकडच्या उतारावर त्यातले बरेचसे परत येतात. वाऱ्याला दिलेलं मात्र परत येत नाही.

चार्जिंगची बहुतेक ठिकाणं एकट्या गाडीसाठी आखलेली असतात. ट्रेलर मागे रस्ता अडवतो, तेव्हा तो सोडून बाजूला उभा करावा लागतो. वजनाचं महत्त्व खरं इथे आहे: पाचशे किलोचा ट्रेलर पुढच्या छोट्या चाकावर दोघं मिळून ढकलू शकता, हजार किलोचा नाही.

सामान लावताना काळजी घे. कोल्हापूर-सांगलीकडे गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या झुलताना आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जड वस्तू एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, मागच्या टोकाला काही नाही. हुकावर किती भार पडतो ते घरच्या वजनकाट्यावर लाकडी दांडका उभा करून मोजता येतं. मर्यादा गाडीच्या कागदावर १३ क्रमांकाच्या रकान्यात आहे. ब्रेकवाल्या आणि बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा ओ.१ आणि ओ.२ मध्ये. ट्रेलर झुलू लागला तर स्टिअरिंग सरळ धरून वेग उतरव. वेग वाढवला की तो सरळ होतो, असं सांगणाऱ्याचं ऐकू नकोस. ओल्या वळणावर पाय एकदम उचलू नकोस. मोटर गाडीला मागे खेचते आणि ट्रेलर तिला पुढे रेटतो. वीज परत मिळवणाऱ्या या ब्रेकिंगची (रीजनची) पातळी आधीच कमी करून ठेव.

तुझ्या ‘बी’ लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून मोठा असेल तर गाडी आणि ट्रेलरची कागदावरची कमाल वजनं मिळून ३५०० किलोच्या आत हवीत. विकत घेण्याआधी भाड्यानं आण आणि नेहमीच्याच रस्त्यावर चालवून गाडीच्या पडद्यावरचा सरासरी आकडा बघ. तो आकडा माहितीपत्रकापेक्षा खरं बोलेल. मग मला प्रत्येक ट्रेलरचा समोरून काढलेला फोटो, उंची आणि रुंदी पाठव. यादी लगेच लहान होईल.

तुझा,
मामा

ता. क. ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेव. हात ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा पटकन वाकडा होतो, तेव्हा हळू घे. रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करू. डबा तू आण.