उताराच्या बाजूने

रविवार, 3 ऑगस्ट. अमरावती

वडाळीला रविवारी संध्याकाळी जायचं नसतं, हे माहीत असून गेलो. पावसाने दोन दिवस उघडीप दिलेली, त्यामुळे अर्धी अमरावती तिथेच. भाजलेल्या कणसांचा धूर, पोरांची रडारड, आणि ज्याला त्याला तलाव पाठीमागे घेऊन फोटो काढायचा. तलावाकडे तोंड करून उभा असलेला माणूस शोधावा लागतो.

हा तलाव ब्रिटिश काळात बांधला तो गावाला आणि कॅम्पाला पाणी पाजायला. ते काम कधीचंच सुटलं. नोकरीतून मोकळ्या झालेल्या माणसाची नातवंडांना फिरवण्यावर नेमणूक व्हावी, तशी तलावाची बदली बागेत झाली. वाईट काही नाही. निदान बुजवला तर नाही.

शेजारी वनविभागाचं बांबू उद्यान आहे, तिथे जरा शांतता मिळाली. आपल्याकडे मेळघाटात दिसणारी मानवेल आणि काटस एवढीच नावं मला येतात. इथे देशभरच्या जाती लावल्यात. वारा आला की सगळं बन कुरकुरतं. एका बाईंनी मुलाला पाटी वाचून दाखवली आणि मुलाने विचारलं, "आई, याच्यातला झाडूचा कोणता?" पाटीवर ते नव्हतं.

मंगळवार, 5 ऑगस्ट

पहाटे छत्री तलाव. इथली माणसं वेगळी. वडाळीला लोक येतात, छत्रीला लोक "मारतात", म्हणजे राउंड. तुमचे किती झाले, आमचे इतके झाले. हे व्यायामाचं गाव आहे. 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि 1936 मध्ये त्याचं पथक थेट बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवून आलं. अशा गावात नुसतं रमतगमत चालणाऱ्याकडे लोक जरा संशयाने बघतात. मी तलावाच्या काठाशी थांबलो तर मागून एक काका हात हलवत गेले, "थांबू नका भाऊ, घाम जिरते."

थांबलो म्हणून टिबुकल्या दिसल्या. बुडायची आणि भलतीकडेच वर यायची त्यांची रीत. जूनमध्ये मारुती चितमपल्ली गेले तेव्हापासून कुठलाही पाणपक्षी दिसला की घरी जाऊन त्यांचा 'पक्षिकोश' उघडावासा वाटतो. आज उघडला आणि टिबुकलीपर्यंत पोचायच्या आधी दुसऱ्याच पानावर अडकलो, ते वेगळं.

तलावाच्या पलीकडे पोहरा-मालखेडचं जंगल सुरू होतं. बिबट शहराच्या कडेपर्यंत येतात, विद्यापीठाच्या आवारातही दिसलेले आहेत. चहावाला म्हणाला, "दिवस बुडाल्यावर इकडं नोका येत जाऊ जी." म्हणजे संध्याकाळनंतरचे राउंड बिबट्याचे.

गुरुवार, 7 ऑगस्ट

आज राउंड नाही. पाणी उताराला जाईल तिकडे जायचं ठरवलं, आणि अमरावतीत ते जातं अंबा नाल्याने. आजवर या नाल्याच्या कडेने हौसेने चालणारा कोणी मला भेटलेला नाही. कडेने म्हणजे तरी काय. जमेल तिथे कडेने, नाही तिथे गल्लीतून, पुढच्या पुलावर पुन्हा गाठ. घरांच्या मोऱ्या, गॅरेजचं तेल, गाईंचा घोळका, आणि मध्येच एका भिंतीवरून नाल्यावर झुकलेला बहरलेला पारिजातक.

अंबादेवी आणि एकवीरा या नाल्याच्याच शेजाराला आहेत. अंबादेवीच्या याच दारात 1927 साली अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. आज मात्र आत जाणाऱ्यांची गर्दी होती आणि नाल्याकडे बघायला मी एकटा. पुढे परकोट. पेंढाऱ्यांपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांना राखण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या अमलात ही भिंत उठली. जवाहर गेट, नागपुरी गेट, भुसारी गेट ही नावं आता रिक्षावाल्यांच्या तोंडी जगतात. पेंढारी येण्याचा रस्ता अडवायला एवढा दगड रचला. पाणी जाण्याच्या रस्त्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

घरी नळ आला होता. नळाचं पाणी अप्पर वर्धा धरणाचं, मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून आलेलं. धरणाचं सरकारी नाव नल-दमयंती सागर. नळाने पाणी देणाऱ्या धरणाला नल राजाचं नाव, हा योग कोणी जुळवला कोण जाणे. वर्धा नदी पुढे प्राणहितेत, ती गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. हेच पाणी आपण पितो, भांडी घासतो, मोरीत सोडतो. मोरीतून अंबा नाला, नाल्यातून पेढी नदी, पेढीतून पूर्णा, पूर्णेतून तापी, आणि तापी अरबी समुद्राला. पूर्वेकडे निघालेलं पाणी आमच्या स्वयंपाकघरात येऊन पश्चिमेला वळतं. शाळेत नद्यांची खोरी पाठ केली तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवार, 9 ऑगस्ट

दिवसभर झड. राखी बांधायला बहीण आली, भिजून. कुठेही गेलो नाही. नाल्याला पूर आल्याचं ऐकलं.

रविवार, 10 ऑगस्ट. वलगाव

पुराचं पाणी बघायला पेढीवर. पाणी ओसरलं होतं; काठच्या बाभळींना प्लास्टिक लटकलेलं, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. पूर कुठवर आला होता ते त्यावरून कळलं.

गाडगेबाबांचं देहावसान इथलंच. 20 डिसेंबर 1956, अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढीच्या काठी. जन्म शेंडगावचा, बालपण दापुऱ्याला मामाकडे पूर्णेच्या काठचं, शेवट पेढीच्या काठचा. ज्याने आयुष्यभर हातात खराटा धरला, त्याच्या शेवटच्या नदीत अमरावतीच्या मोऱ्यांचं पाणी येतं. त्यांच्या नावाच्या स्वच्छता अभियानाची बक्षिसं घेणाऱ्या गावांनी कधीतरी इथे सहल काढावी. समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे, तिथे झाडलोट चोख असते. इथे या पुलाखाली कोण उतरणार?

एक मेंढपाळ कळप घेऊन उभा होता. मी विचारलं, मेंढ्या हे पाणी पितात का. "पावसाच्या दिवसात पेते. उन्हाळ्यात तोंड नाय लावत." मेंढ्यांची ही प्रयोगशाळा बरी, अहवालासाठी थांबावं लागत नाही.

बुधवार, 13 ऑगस्ट. अकोला

बडनेऱ्याहून गाडीने दोन तासांच्या आत. मूर्तिजापूरला खिडकीतून शकुंतला गाडीच्या अरुंद रुळांकडे पाहणं हा नेम. रुळांवर गवत आहे. मुक्काम आत्याकडे, जुन्या शहरात.

संध्याकाळी गांधी-जवाहर बाग. अकोल्याची बागेत जायची वेळ अमरावतीपेक्षा उशिराची. मे 2020 मध्ये इथे पारा 47 अंशांच्या पुढे गेला होता. अशा गावात उन्हाळ्यात दिवसा बाग ही फक्त झाडांसाठी असते, माणसं रात्री जेवून येतात. ती सवय पावसाळ्यातही सुटत नाही असं दिसलं: नऊ वाजले तरी आजोबा मंडळी बाकांवर, विषय सोयाबीनचा भाव. बाकाला टेकून मी ऐकत बसलो. कापसावरून गप्पा सोयाबीनवर आल्या एवढाच बदल.

सकाळी चालायला खरी जागा कृषी विद्यापीठाची. 1969 पासूनचं हे आवार. रस्ते लांब, कडेला कडुनिंब, आणि बाजूला प्रयोगाची शेतं. पाटीवर वाणाचं नाव, तारखा, अंतर. वाचत चाललं की फेरी कधी संपली कळत नाही.

शनिवार, 16 ऑगस्ट

मोर्णा. दगडी पुलावरून, मग असदगडाच्या बाजूने. औरंगजेबाच्या काळात, 1697 मध्ये, असदखानाने हा किल्ला नदीवर नजर ठेवून बांधला. अडगावच्या लढाईआधी 1803 मध्ये वेलस्लीचा तळ याच गावात पडला होता. तेव्हा सैन्याची जनावरं याच नदीवर पाणी पीत असणार. आज खाली जलकुंभी. पुराने पुष्कळशी वाहून नेली म्हणतात, तरी कडेला हिरवा थर आहेच. लांबून बघणाऱ्याला ती हिरवळ वाटेल.

13 जानेवारी 2018 ची सकाळ इथे लोकांच्या तोंडी अजून आहे. जिल्हा प्रशासनाच्या हाकेला ओ देऊन हजारो माणसं नदीत उतरली, दोन्ही काठांनी, आणि हातांनी जलकुंभी ओढून काढली. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये मोर्णेचं नाव आलं. जलकुंभी मात्र सांडपाण्यावर पोसते. ती काढली तरी तिचं जेवण चालूच राहिलं. म्हणून तो दिवस वाया गेला असं मला वाटत नाही. एका माणसाने मला नेमकी जागा दाखवली: "इथं उभा होतो मी, कमरेइतक्या पाण्यात. लायनपणी इथंच पवलो होतो." एखाद्या नदीबद्दल असं सांगणारी माणसं गावात आहेत. अंबा नाल्याबद्दल सांगणारं मला अजून कोणी भेटायचंय.

सोमवार, 18 ऑगस्ट

श्रावणातला शेवटचा सोमवार, कावडीचा. काल रात्री आतेभावाच्या मुलाबरोबर गांधीग्रामला गेलो. पूर्वीचं वाघोली, पूर्णेच्या काठचं. अकोट रस्त्यावरचा इथला ब्रिटिश काळातला पूल 2022 मध्ये तडा जाऊन बंद झाला.

पूर्णेचं पाणी काळ्या मातीचं, दाट. नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. विहीर खोदली तर लागणारं पाणी मचूळ. जमिनीच्या पोटात जुनं मीठ आहे आणि काळी माती ते धुऊन जाऊ देत नाही. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून जास्त मुलूख असा. या पट्ट्यात गोडं पाणी कावडीने आणणं हा नुसता नवस नाही. 1944 च्या दुष्काळात पावसासाठी अकोल्याच्या ग्रामदैवताला, राजराजेश्वराला, पूर्णेचं पाणी घातलं आणि तिथून ही प्रथा पडली, असं अकोल्यात सांगतात.

मध्यरात्रीनंतर भरणी निघाली. बांबूंच्या सांगाड्याला शेकडो घागरी बांधलेल्या. खांदा द्यायला पोरांच्या तुकड्या, एकीचा दम संपला की दुसरी. सगळे अनवाणी. अंतर अठरा-एक किलोमीटर. मी चपला हातात घेतल्या आणि अर्ध्या वाटेत गुपचूप पुन्हा घातल्या, अंधार होता. "हर्र बोला महादेव" आणि डीजे यांची शर्यत होती, डीजे जिंकला. त्याबद्दल तक्रार करायचं माझं वय झालंय म्हणून करतो: पुढच्या वर्षी डीजेला खांदा द्यायला लावा, आपोआप लहान होईल.

पण चालणं म्हणून याच्यासारखं दुसरं आमच्या दोन्ही गावांत नाही. बागेत माणसं गोल फिरून निघाली तिथेच येतात. इथे वर्षातून एकदा अख्खं शहर नदीवर जातं, आणि तिचं पाणी खांद्यावर घेऊन परततं. सकाळी अकोट फैलात लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे. कोणी चहा देतंय, कोणी पायांवर पाणी ओततंय. मानाची पालखी आधी, मग बाकीच्या. जुन्या शहरात शिरताना सगळी भरणी मोर्णा ओलांडतात. राजेश्वराच्या इतकी जवळची नदी, पण तिचं पाणी देवाला घालायचा विचार आज कोणाच्या डोक्यात येणार नाही.

मंगळवार, 19 ऑगस्ट

पाय सुजलेत. आत्याने गरम पाण्याची बादली दिली, मीठ घालून. खारपाणपट्ट्याचा माणूस तुम्ही, मीठ वेगळं कशाला, असं म्हटलं तर हसली नाही.

मग तिला सगळा हिशेब सांगितला. अंबा नाला पेढीला मिळतो, पेढी पूर्णेला, आणि पूर्णा वाहत जाते गांधीग्रामावरून. म्हणजे काल राजेश्वरावर जे घातलं, त्यात आमच्या अमरावतीच्या मोऱ्या आल्या, त्या मोऱ्यांत सिंभोऱ्याचं धरण आलं, म्हणजे थोडीशी वर्धा नदीही आली. बोटाने ताटात नकाशा काढून दाखवला, वरणाची पूर्णा करून.

आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "खरं असन. पण तो आला ना खांदे शेकून, त्याच्यासमोर बोलू नको. मारीन तुले."

तो आतल्या खोलीत पालथा पडून झोपला होता. मी वरण पुसलं आणि भात मागितला.