काटा थांबला तेव्हा

माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन कधीच झालेलं नाही. उलव्यातल्या आमच्या सोसायटीत, बेलापूरच्या ऑफिसात आणि सासरच्या अर्ध्या गोतावळ्यात मी जवळजवळ दोन वर्षं तसं सांगत आले. खरी होती ती वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. जठराचा पाऊण भाग काढून टाकतात आणि उरते केळ्याच्या आकाराची नळी. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंतच्या लोकललाही झेंडा दाखवला. त्यानंतर सगळं उलवे पूल बघायला लोटलं आणि मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात चमच्याचमच्याने डाळीचं पाणी पीत पडले होते.

खोटं का सांगितलं? कारण ही शस्त्रक्रिया म्हणजे पळवाट, असं मीच मानत होते. 2011 मध्ये नितीन गडकरींनी ती करून घेतल्याची बातमी टीव्हीवर लागली, तेव्हा ‘जरा चालायला काय होतं? पैसेवाल्यांचे चोचले!’ हे वाक्य आमच्या घरात मीच उच्चारलं होतं. तेव्हा माझं वजन 86 होतं. मग माझं चालणं सुरू झालं. पुढे डाएटमध्ये दीक्षित झाले, दिवसातून दोनदाच आणि 55 मिनिटांत जेवण. दिवेकर झाल्या, पोळीवर तूप आलं. दोष दोघांचाही नाही. प्रत्येक वेळी सहा किलो उतरले आणि नऊ चढले. उंची पाच फूट दोन इंच, वजन 112, मधुमेहाच्या दोन गोळ्या आणि झोपेत श्वास अडकणं, इथवर आल्यावर मी ऑपरेशन टेबलावर चढले. मत मात्र जुनंच राहिलं. म्हणून खड्यांची कथा रचली.

गंमत अशी, की वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खरोखरच खडे होऊ शकतात. ते होऊ नयेत म्हणून मला सहा महिने गोळ्या दिल्या होत्या. ज्या आजाराचं खोटं सांगितलं, त्याचीच औषधं मी रोज घेत होते.

पहिल्या तीन आठवड्यांत नऊ किलो गेले आणि 103 वर काटा जो थांबला, तो तेरा दिवस हलेना. मी दिवसातून तीनदा वजन करायचे. एकदा फरशी बदलून पाहिली, एकदा काट्याची बॅटरी. आमच्या इथे विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सुरुंग लावून सपाट केलेला आम्ही पाहिलाय. माझीही शस्त्रक्रियेकडून तीच अपेक्षा होती, एकदा कापलं की सपाट. काटा थांबल्यावर मनात आलं, बघ, पोट कापूनही तुला जमलं नाही. मग मी चार चमच्यांचे दोन चमचे केले आणि प्रोटीनची पावडर सिंकमध्ये ओतली. कामावर रुजू झाले त्या आठवड्यात बामणडोंगरी स्टेशनवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसले. एका अनोळखी बाईने पाणी पाजलं. तिलाही मी सांगितलं, ‘खड्यांचं ऑपरेशन झालंय हो.’

डाएटिशियनने वही-पेन घेऊन समजावलं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तुटलं की आधी हा साठा वापरला जातो आणि पाणी वाहून जातं. काटा धडाधड उतरतो. नंतर शरीर थोडं पाणी पुन्हा धरतं. आत चरबी जळत असते, पण काट्यावर ती दिसत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास असं बऱ्याच जणांचं होतं. यात करण्यासारखं एकच, रोजची 60 ग्रॅम प्रथिनं आणि पाणी चुकवायचं नाही, आणि वाट बघायची. चौदाव्या दिवशी काटा हलला. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले. ऑपरेशननंतर ते गळतातच म्हणे, पण सिंकमध्ये ओतलेली पावडर मला अजून आठवते.

मग दिवाळीपर्यंत सगळं छान. लिफ्टमध्ये बायका विचारायच्या, ‘काय करतेस गं?’ मी म्हणायचे, ‘काही नाही, रोज चालते.’ जठराचा जो भाग काढतात, तिथेच भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होतं. भूक सर्जनने काढून नेली होती आणि जिद्दीचं श्रेय मी खात होते.

डिसेंबर 2024 मध्ये 81 वर काटा पुन्हा थांबला. या वेळी मी घाबरले नाही, कारण आता मी जाणकार झाले होते. यांना ऐकवलं, ‘प्लॅटो आहे. शरीर थांबतं अधूनमधून.’ हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, ‘शरीर थांबलंय. चिवड्याचा डबा थांबलेला दिसत नाही.’

दोन दिवस मी बोलले नाही. मग डाएटिशियनकडे गेले. ती म्हणाली, ‘सात दिवस लिहा. जे खाणं तुम्ही खाण्यात धरत नाही, तेसुद्धा.’ वहीत आलं ते असं: साखरेचे चार चहा, प्रत्येकाबरोबर अर्धी खारी. संगणकापुढे शेव. मुलाच्या डब्यात उरलेलं. रविवारचं आइस्क्रीम. चिकनचे दोन तुकडे खाल्ले की माझी नळी गच्च भरते आणि पुढचा घास जात नाही. शेव आणि खारी मात्र तोंडात विरघळून सरसर खाली उतरतात, नळी भरतच नाही. अशा पदार्थांना या शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात ‘स्लायडर’ म्हणतात. ऑपरेशन कितीही चांगलं झालेलं असो, घसरत जाणाऱ्या खाण्यापुढे त्याचं काही चालत नाही.

म्हणजे पहिल्यांदा जे शरीराचं होतं, त्याचा दोष मी स्वतःला दिला. दुसऱ्यांदा जे माझं होतं, ते शरीराच्या नावावर खपवलं.

खारी आणि शेव सुटली, चहा बिनसाखरेचा झाला, संध्याकाळी अंडं किंवा मुगाचं धिरडं आलं. तीन महिन्यांत 78. आणि तिथे काटा तिसऱ्यांदा थांबला. आता मी वहीही दाखवली आणि रक्ताचे रिपोर्टही. सर्जन म्हणाले, ‘आता हे तुमचं वजन.’ हिशेब सोपा आहे. भरलेला घरचा गॅस सिलिंडर साधारण 30 किलोंचा असतो. तो पाठीवर घेऊन मी जिने चढत होते. हमाली संपली तसा शरीराचा खर्चही कमी झाला, त्यात उपाशी काळ पाहिलेलं शरीर आणखी काटकसर करतं. स्वीडनमध्ये 1987 पासून अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. त्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली गेलं, मग थोडं चढून स्थिरावलं. दहा वर्षांनी जठराचा बायपास केलेले रुग्ण मूळ वजनापेक्षा साधारण 25 टक्के खाली होते. मी आज 30 टक्के खाली आहे. लग्नातल्या ब्लाउजचा 60 किलोंचा हट्ट मी सोडला.

मार्च 2025 मध्ये वजन कमी करण्याचं एक नवं इंजेक्शन भारतात आलं, तेव्हा नणंदेने लगेच विचारलं, ‘वहिनी, ते घेऊन टाका की.’ डॉक्टरांच्या मते मला सध्या गरज नाही. पण ते घेण्याला चोचले म्हणणारी बाई आता या घरात राहत नाही.

तरीही खड्यांचं खोटं चालूच होतं. ते संपलं पाचव्या मजल्यावरच्या वहिनींमुळे. माझं ऐकून त्या वर्षभर रोज माझ्याबरोबर चालत होत्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. दोन किलो उतरले. एका सकाळी बाकावर बसून म्हणाल्या, ‘तुझ्यासारखी जिद्द माझ्यात नाही गं.’ मला त्यांच्याकडे बघवेना. तिथेच सगळं सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, उठून घरी गेल्या. आठवडाभर चालायला आल्या नाहीत. मग एका संध्याकाळी रिपोर्टांची फाइल घेऊन दारात उभ्या राहिल्या. ‘तुझ्या डॉक्टरांना दाखवायचीय.’

वजन 78. साखरेच्या दोन्ही गोळ्या बंद. बी-12 आणि कॅल्शियम जन्मभर चालू. मागच्या महिन्यात सोनोग्राफी झाली, पित्ताशयात एकही खडा नाही.